मॅथ सपोर्टचा तास घ्या, पण ऑर्केस्ट्रा देऊन नको

पत्र:

ताई, आम्ही दीड वर्षापूर्वी नाशिकहून अमेरिकेत आलो. मुलगी बारा वर्षांची, ज्युनियर हायस्कूलमध्ये सातवीत आहे. तिकडे सेमी-इंग्रजीत होती, गणितात कायम पुढे, पाचवीला शिष्यवृत्ती परीक्षेलाही बसली होती. गेल्या आठवड्यात शाळेचं पत्र आलं. गणिताच्या चाचणीत ३८ आले, म्हणून पुढच्या सत्रापासून तिला रोज ‘मॅथ सपोर्ट’चा एक तास, आणि तोही ऑर्केस्ट्राच्या जागी. तिथे ती व्हायोलिन शिकते. इंग्रजीच्या वेगळ्या तासाला तर ती आल्यापासून बसतेच आहे. तिचे बाबा म्हणतात, नकार कळवून टाक आणि शनिवार-रविवार खासगी क्लास लावू. ओळखीतली तिच्याच वयाची एक मुलगी ‘गिफ्टेड’मध्ये, म्हणजे हुशार मुलांच्या वेगळ्या वर्गात आहे, अल्जिब्रा करते. मग आमच्याच मुलीचं काय चुकलं? पत्र आल्यापासून ती धड बोलत नाही. फॉर्म शुक्रवारपर्यंत द्यायचाय. शाळेत जाऊन बोलायचं तर माझं इंग्रजी अडखळतं. काय करू?
— एक आई

उत्तर:

नमस्कार. आधी तो ३८चा कागद पुन्हा हातात घ्या आणि आकड्याशेजारी काय छापलंय ते वाचा. बहुधा ‘पर्सेंटाइल’ असेल, ‘पर्सेंट’ नव्हे. आपण ३५ला पास आणि ३४ला नापास या हिशेबात वाढलो, त्यामुळे ३८ दिसलं की मुलगी काठावर सुटली असं वाटून पोटात गोळा येतो. पर्सेंटाइलचा अर्थ वेगळा आहे. देशभरातल्या सातवीच्या शंभर मुलांना गुणांप्रमाणे ओळीत उभं केलं, तर साधारण अडतीस जणं तिच्या मागे किंवा बरोबरीने असतील. म्हणजे ती मध्याच्या थोडी खाली आहे, इतकंच.

या चाचण्या संगणकावर होतात आणि बहुतेक वेळा मुलाच्या उत्तरांप्रमाणे बदलत जातात. बरोबर उत्तर आलं की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकलं की सोपा. त्यामुळे हुशार मुलाचेसुद्धा निम्म्याच्या आसपास प्रश्न चुकतात. मुलं घरी येऊन ‘मला काहीच आलं नाही’ म्हणतात ती याचमुळे. मॅप ग्रोथसारखी चाचणी असेल तर ती शरद, हिवाळा आणि वसंत अशी वर्षातून तीनदा घेतली जाते, आणि पर्सेंटाइलशेजारी रिट नावाचा आणखी एक आकडा असतो, इतरांशी तुलना न करता मुलाची स्वतःची पातळी सांगणारा. तुमच्या कामाचा आकडा तोच. सहावीपासूनचे तिचे सगळे रिट आकडे शाळेकडे मागा. ते चढत गेले असतील तर चित्र वेगळं, एका जागी थांबले असतील तर वेगळं. त्याच अहवालात संख्या, बीजगणित, भूमिती, सांख्यिकी अशी फोडही असते. मुलाच्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क पालकांना १९७४च्या फर्पा कायद्याने दिलेला आहे. मागायला संकोच नको.

आता गणितात पुढे असलेली मुलगी मागे का पडली? मी इथल्या ज्युनियर हायमध्ये बरीच वर्षं शिकवलं आहे, आणि महाराष्ट्रातून आलेल्या मुलांच्या बाबतीत माझा पहिला संशय गणितावर नसतोच, वाचनावर असतो. सेमीत गणित इंग्रजीतून शिकवतात हे खरं, पण तिथली इंग्रजी फार थोडी असते: ‘सॉल्व्ह द फॉलोइंग’ आणि खाली पाच उदाहरणं. इथे सातवीचा प्रश्न म्हणजे अख्खा परिच्छेद. बुटांच्या दुकानात वीस टक्के सूट आहे, त्यावर सेल्स टॅक्स लागतो, दोन बहिणी बिल वाटून घेतात, आणि शेवटी ‘तुझं उत्तर कसं आलं ते समजावून सांग’. आपली मुलं एमआरपीच्या जगात वाढलेली, जिथे वेष्टनावरच्या किमतीत कर धरलेलाच असतो. काउंटरवर कर वेगळा चढतो आणि हॉटेलात टिप बिलाच्या टक्क्यांत मोजतात, हे बारा वर्षांच्या मुलीला कोणी मुद्दाम सांगत नाही. त्यात डाइम, क्वार्टर ही नाणी आणि यार्ड, गॅलन ही मापं. ‘अ‍ॅट लीस्ट’ आणि ‘नो मोअर दॅन’ यांतली दिशा घाईत उलटी होते. एक लाख लिहिताना स्वल्पविराम आपल्या सवयीने दोन-दोन आकड्यांवर पडतो आणि शिक्षकांना वाटतं, हिला स्थानिक किंमतच कळलेली नाही!

पण हा माझा संशय आहे, निदान नव्हे. निदान तुम्हीच एका संध्याकाळी घरी करू शकता. तिच्या गृहपाठातली शब्दांची पाच उदाहरणं घ्या, ती मराठीत तोंडी सांगा आणि तिला सोडवू द्या. मधे बोलू नका, चुकली तरी. मराठीत सरळ सुटली तर अडचण भाषेची. मराठीतही अडली, समजा ऋण संख्यांच्या वजाबाकीत किंवा गुणोत्तरात, तर तिथे खरंच एक खड्डा आहे, आणि त्यात नवल नाही. सहावीच्या मध्यात देश बदलला की काही धडे तिकडे शिकवायचे राहिलेले असतात आणि इकडे ते आधीच होऊन गेलेले असतात. मूल नेमकं त्या सांध्यात सापडतं. बऱ्याचदा दोन्ही थोडंथोडं निघतं. काय निघालं ते कागदावर लिहून ठेवा. शाळेच्या भेटीत हा कागद त्या ३८पेक्षा जास्त बोलेल, कारण मूल कुठे अडतं हे त्यात आहे आणि चाचणीच्या आकड्यात ते नाही.

आता तिच्या बाबांच्या नकाराबद्दल. तो घाईचा आहे असं मला वाटतं, आणि का ते सांगते. इथल्या बहुतेक शाळांत मदत तीन पायऱ्यांत असते, तिला एमटीएसएस म्हणतात. पहिली पायरी म्हणजे वर्गात सगळ्यांना मिळतं ते शिकवणं. दुसरी म्हणजे काही मुलांचा छोटा गट करून दिलेली जादा मदत. तिसरी म्हणजे एकेका मुलावर जवळून काम. तुमच्या पत्रातलं वर्णन दुसऱ्या पायरीचं आहे. हे स्पेशल एज्युकेशन नव्हे. त्याच्या तपासणीसाठी शाळेला तुमची लेखी संमती लागते, आणि तसं काही तुम्ही सही केलेलं नाही. तिच्या कपाळावर कायमचा शिक्का बसला, ही भीती मनातून काढून टाका.

शिवाय असे तास उपयोगी पडतात. शिकवणीवरच्या ९६ प्रयोगांचा एकत्रित आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. छोट्या गटातली नियमित शिकवणी ही शाळेच्या हातातल्या उपायांमध्ये फार परिणामकारक ठरते, आणि शाळेच्या वेळात दिलेली शिकवणी शाळा सुटल्यानंतरच्या शिकवणीपेक्षा जास्त गुण देते, असं त्यातून दिसलं. दुसरं उदाहरण शिकागोचं. तिथल्या सरकारी शाळांनी २००३पासून नववीच्या ज्या मुलांचे आठवीतले गुण देशाच्या मध्याखाली होते, त्यांना बीजगणिताचे रोज एकाऐवजी दोन तास दिले. लगेच काही चमत्कार झाला नाही. पण पुढे त्या मुलांचे कॉलेज प्रवेश परीक्षेतले गुण वाढले, हायस्कूल पूर्ण करणारे वाढले, कॉलेजात जाणारेही वाढले. आणि सर्वांत जास्त फायदा कोणाला झाला? ज्यांचं वाचन कच्चं होतं त्यांना. त्या जादा तासात गणित शब्दांत मांडायला लावत, म्हणून तसं झालं असावं असं अभ्यासकांना वाटतं. तुमच्या मुलीची अडचण मी म्हणते तीच असेल, तर असा तास तिच्याच मापाचा आहे.

मात्र पाटीवर ‘मॅथ सपोर्ट’ लिहिलेल्या खोलीत नेमकं काय चालतं, हे शाळेगणिक बदलतं. कुठे सात-आठ मुलं आणि एक चांगली शिक्षिका असते. ती उद्याच्या वर्गातला धडा आज उलगडून दाखवते, मुलांना बोलायला लावते. कुठे तीसेक मुलं कानाला हेडफोन लावून पडद्यासमोर बसलेली, आणि शिक्षकाचं काम ती जागी आहेत ना एवढं बघायचं. पहिली खोली मिळत असेल तर डोळे मिटून हो म्हणा. दुसरी असेल तर मी तुमच्या यजमानांच्या बाजूने. म्हणून विचारायचं: गटात किती मुलं असतील, शिकवणार कोण, तिचा रोजचा गणिताचा शिक्षक आणि ही व्यक्ती आपसात बोलतात का, आणि सगळ्यांत महत्त्वाचं, हा तास संपणार कधी. काय जमलं की ती बाहेर पडेल, आणि ते कोण, किती आठवड्यांनी तपासणार? सहा ते आठ आठवड्यांनी आढावा, हे उत्तर रास्त आहे. ‘वर्षअखेर बघू’ हे उत्तर नव्हे. एकदा वेळापत्रकात बसलेला तास आपोआप निघत नाही, कोणीतरी काढावा लागतो, आणि मुलांची वेळापत्रकं बघणाऱ्या, तीनशे मुलं सांभाळणाऱ्या शाळेच्या काउन्सेलरला ते आठवेलच असं नाही.

आता ऑर्केस्ट्रा. इथे मी शाळेशी अजिबात सहमत नाही.

सातवीच्या वेळापत्रकात साधारण सहा-सात तास असतात. भाषा, गणित, विज्ञान, समाजशास्त्र आणि शारीरिक शिक्षण धरलं की मुलाच्या आवडीसाठी एक-दोन तास उरतात, त्यांना इलेक्टिव्ह म्हणतात. तुमच्या मुलीचा एक इलेक्टिव्ह इंग्रजीच्या तासाने आधीच घेतलेला आहे. उरलेला मॅथ सपोर्टने घेतला तर तिच्या दिवसात जे कमी आहे तेवढंच उरतं. नव्याने देशात आलेल्या मुलांच्या बाबतीत हे इथे इतक्या सरसकट होतं की शाळेला त्यात वावगं दिसतच नाही. यामागे कोणाचा दुष्ट हेतू नसतो. वेळापत्रक लावणाऱ्याला एक रिकामी जागा हवी असते आणि संगीत त्याला सगळ्यांत हलकं वाटतं.

पण तुमच्या मुलीसाठी ते हलकं नाही. दिवसभरात ऑर्केस्ट्रा हा असा एकच तास असेल जिथे तिला कोणी इंग्रजीवरून जोखत नाही. स्वरलिपी तिथे बहुतेकांना नवीनच, आणि बोट योग्य जागी पडलं की सूर बरोबर लागतो, उच्चार कसाही असो. तिथे ती इतरांच्या बरोबरीची आहे. बाराव्या वर्षी मुलाला परक्या शाळेत रुजायला अशी एक जागा लागते. शिवाय व्यवहार बघा: वाद्यसंगीत पायरीपायरीने चढतं, अर्धं वर्ष सुटलं की पुढच्या वर्षीच्या गटात बसायला ती मागे पडलेली असते, आणि मग तो रस्ता बहुधा कायमचाच बंद होतो. गणिताचा जादा तास दिवसात कुठेही मावतो, ऑर्केस्ट्रा मात्र तिथे चाळीस मुलं एकत्र असतात त्याच वेळी होतो. आणि हा हट्ट तुमच्या एकटीचा नाही. देशाच्या २०१५च्या शिक्षण कायद्यात परिपूर्ण शिक्षणाच्या विषयांत संगीताचं नाव लिहिलेलं आहे.

म्हणून काउन्सेलरला म्हणायचं की मदत हवी आहे, जागा दुसरी शोधू या. जागा असतात. पहिल्या तासाच्या आधी ‘झीरो पीरियड’ चालतो का? अ‍ॅडव्हायझरी, फ्लेक्स किंवा ‘विन टाइम’ नावाचा अर्धा तास दिवसात आहे का, जो अशाच कामासाठी राखलेला असतो? दिवसाआड वेळापत्रक असेल तर आठवड्यातून दोन-तीनदा गणित आणि बाकी दिवस ऑर्केस्ट्रा? शाळा सुटल्यावर शिक्षक थांबत असतील तर तेही चालेल, पण लेट बस, म्हणजे उशिरा सुटणारी शाळेची बस, आहे का ते आधी विचारा, नाहीतर योजना कागदावरच राहील. छोट्या गटातली शिकवणी आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास, नेमाने आणि त्याच माणसाकडून झाली तरी पुष्कळ असते. रोज पूर्ण तास ही बहुधा वेळापत्रकाची सोय असते.

खासगी क्लासबद्दल थोडक्यात सांगते. निदान सध्या नको. अशा वर्गांत बहुतेक करून आकडेमोडीचे कागद सोडवून घेतात, आणि तुमच्याच सांगण्याप्रमाणे तिची आकडेमोड पक्की आहे. पक्क्या गोष्टीचा आणखी सराव आणि कच्ची तशीच, शिवाय शनिवार-रविवारही गेले. त्या वेळेत तिच्यासोबत दुकानाचं बिल, हॉटेलचं बिल, बसचं वेळापत्रक इंग्रजीत मोठ्याने वाचा. गणिताच्या प्रश्नांतलं जग तिला तिथे भेटेल.

आणि ती ओळखीतली मुलगी. आठवीत किंवा त्याआधी अल्जिब्रा झालं की बारावीला कॅल्क्युलस गाठता येतं, म्हणून इथले पालक त्यासाठी जीव टाकतात. आपल्या लोकांत तर ते प्रतिष्ठेचंच होऊन बसलंय. पण तयारी नसताना तिथे ढकललं की काय होतं, तेही पाहून झालेलं आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट-मेक्लेनबर्ग जिल्ह्याने या शतकाच्या सुरुवातीला पुष्कळ मध्यम मुलांना लवकर अल्जिब्राला बसवलं. त्या मुलांचे अल्जिब्रातले गुण घसरले आणि पुढच्या भूमितीतही ती अडली. नववीत अल्जिब्रा केलेल्या मुलाला बारावीपर्यंत प्रीकॅल्क्युलस सहज करता येतं, आणि मधे एका उन्हाळ्यात किंवा एका वर्षी गणिताचे दोन विषय घेऊन कॅल्क्युलसही गाठता येतं. घाई नाही.

‘गिफ्टेड’ या शब्दालाही फार बिचकू नका. कोणाला गिफ्टेड म्हणायचं याचा देशभर एक नियम नाही, राज्य आणि जिल्हा आपापली चाळणी लावतात. बऱ्याच ठिकाणी ती तिसरी-चौथीतच लावून होते, तेव्हा तुमची मुलगी या देशात नव्हतीच. सातवीत पुन्हा चाचणी घेतात का, शब्दांवर न बेतलेली चाचणी आहे का, हे जरूर विचारा, पण त्यावर अडून राहू नका. कारण बुद्धीला खाद्य मिळायला तो शिक्का लागत नाही, आणि हे आपल्या पालकांना फार उशिरा कळतं. गणिताचा क्लब बघा. मॅथकाउंट्स ही सहावी ते आठवीच्या मुलांची स्पर्धा १९८३पासून चालू आहे, पुष्कळ शाळांत तिचा सराव दुपारी होतो. एएमसी ८ ही २५ प्रश्नांची, ४० मिनिटांची परीक्षा, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. तिचे जुने प्रश्न काढून मुलीसमोर ठेवा. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीतली गंमत तिला त्यात ओळखीची वाटेल, आणि प्रश्नही आखूड असतात, परिच्छेद नव्हेत. मॅथ सपोर्टला बसणाऱ्या मुलीने मॅथ क्लबला जायचं नाही, असा नियम मी तरी कुठे पाहिलेला नाही. सोमवारी दोन्हीकडे जाणारी मुलं मी पाहिली आहेत.

गणिताबाहेरही पर्याय आहेत. सायन्स ऑलिम्पियाडमध्ये सहावी ते नववीच्या मुलांचा गट असतो, तिथे हाताने वस्तू बनवायचे प्रकारही असतात. नॅशनल हिस्ट्री डेमध्ये दरवर्षीच्या सूत्राला धरून आपला विषय आपण निवडायचा असतो, आणि जगाच्या इतिहासातला कुठलाही विषय चालतो. तुमची मुलगी सावित्रीबाई फुल्यांवर प्रदर्शन मांडू शकते, आणि त्या खोलीत त्या विषयावर तिच्याइतकं कोणालाच माहीत नसेल. अमेरिकन शाळेत आपण काहीतरी जाणतो, ही भावना तिला दीड वर्षात किती वेळा आली असेल?

आपल्याकडच्या जादा तासांची तिला आठवण करून द्या, हेही सुचवते. शिष्यवृत्तीच्या वर्षी सकाळी लवकर शाळेत जाऊन बसणाऱ्या मुलांना कोणी ढ म्हणत नव्हतं, उलट त्यांच्याकडे बाकीचे मानाने बघत. इथला जादा तासही जादाच आहे. तिच्याशी बोलताना ‘३८ कसे काय आले’ इथून सुरुवात नको. बाराव्या वर्षी मुलांना गुणांपेक्षा मोठी धास्ती असते ती त्या खोलीत शिरताना कोण बघेल याची, मैत्रीण त्याच वेळी दुसरीकडे जाणार आणि आपण वेगळे पडणार याची. तर विचारायचं ते हे: त्या तासाला तुझ्या ओळखीचं कोण आहे? ऑर्केस्ट्रात तुझ्या शेजारी कोण बसतं? उत्तरं लगेच येणार नाहीत. गाडीत, तोंड समोर असताना, मुलं जास्त बोलतात. आणि तिच्या बाबांना सांगा की ओळखीतल्या मुलीचं नाव घरात काही दिवस काढायचं नाही. ती गप्प आहे त्यात त्या नावाचा वाटा असेल, असं मला पत्र वाचताना वाटलं.

इंग्रजीचा वेगळा तास तुम्ही ओझ्यासारखा उल्लेखलात. प्रवेशाच्या वेळी तुम्ही ‘घरात मराठी बोलतो’ लिहिलं, म्हणून तिची भाषेची चाचणी झाली आणि त्यातून हा तास आला. यामागे १९७४चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, लाउ विरुद्ध निकल्स. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांना इंग्रजी येत नसताना नुसतं वर्गात बसवून ठेवणं म्हणजे शिक्षण देणं नव्हे, असं न्यायालयाने एकमताने सांगितलं. हा तास नाकारण्याचा हक्क पालकांना आहे, पण नाकारला तरी दरवर्षीची भाषेची चाचणी चुकत नाही. मी असते तर या वर्षी ठेवला असता, आणि विचारलं असतं की ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारांत ती नेमकी कुठे अडकलीय. ती चाचणी बहुतेक राज्यांत हिवाळ्यात होते. त्यात ती सुटली की एक इलेक्टिव्ह पुढच्या वर्षी मोकळा होतो. भेटीत हेही बोलून घ्या. गणित आणि इंग्रजीच्या शिक्षकांनी मिळून शब्दांच्या उदाहरणांवर काम केलं तर दोन तासांचं काम एकात होऊ शकतं, आणि चांगल्या शाळा ते करतातही.

तुमच्या इंग्रजीची चिंता मात्र सोडूनच द्या. पालकाला समजेल अशा भाषेत बोलण्याची जबाबदारी शाळेची आहे, १९६४च्या नागरी हक्क कायद्याखाली. मराठी दुभाषी मागा, तोही फुकट. मराठी माणूस गावात नसेल तर शाळा फोनवरून जोडून देते, त्यासाठी दोन-चार दिवस आधी कळवावं लागतं. मुलीला दुभाषी करू नका, कोणी सुचवलं तरी. स्वतःच्याच कमतरतेचं भाषांतर आईसाठी करायला लावणं फार वाईट.

आता शुक्रवारचा फॉर्म. होकार आणि नकार असे दोनच चौकोन असतील तर दोन्ही रिकामे सोडा आणि खाली मोकळ्या जागेत लिहा: गणिताची जादा मदत आम्हाला हवी आहे, ती ऑर्केस्ट्राच्या जागी नको, दुसरी वेळ ठरवण्यासाठी भेट हवी, भेटीला मराठी दुभाषी हवा, आणि तोपर्यंत तिचं वेळापत्रक बदलू नये. फॉर्मचा फोटो काढून ठेवा आणि हाच मजकूर काउन्सेलरला ईमेलनेही पाठवा, सोबत गणिताच्या आणि ऑर्केस्ट्राच्या शिक्षकांना प्रत. ऑर्केस्ट्राच्या शिक्षकांना विसरू नका. आपला विद्यार्थी टिकवायला तेच सगळ्यात आधी उठून काउन्सेलरच्या खोलीत जातात.